दोरी, मॅग्नेटो आणि बॅटरी : बर्फगाडीतल्या विजेचा इतिहास

आजचा विषय वाचून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या असतील. स्नोमोबाइल, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा असलेली, बर्फावर धावणारी गाडी. तीही जुनी, कोणीतरी वापरून विकलेली. आणि तिची बॅटरी चार्ज का होत नाही, हा प्रश्न. यात इतिहास कुठे आला? आपल्यातल्या बहुतेकांनी ही गाडी पाहिली असेल तर ती गुलमर्गच्या सहलीत, भाड्याने, चालवणाऱ्याच्या मागे जीव मुठीत धरून बसताना. तिथे प्रश्न पडतो तो फक्त भाड्याचा.

पण जुन्या यंत्रातला विजेचा दोष शोधणे हे बरेचसे इतिहासाचेच काम आहे, असे आम्हाला वाटते. कारण ही गाडी जन्मली तेव्हा तिच्यात बॅटरी नव्हती. ती विसरली गेली म्हणून नव्हे, तर थंडीत बॅटरीवर विसंबता येत नाही हे ठाऊक असल्यामुळे ती ठेवलीच नव्हती. मग साठ वर्षांत ती एकेका सोयीच्या निमित्ताने आत शिरली. म्हणून समोरची गाडी कोणत्या काळातली आहे हे कळल्याशिवाय तिच्यातली बिघाडाची जागा सापडत नाही. आणि ज्या प्रदेशात ही गाडी हौसेसाठी नव्हे तर पोटासाठी चालते, तिथे जागा सापडली नाही तर माणूस उणे तीस अंशात, घरापासून वीस-तीस किलोमीटरवर, पायी उरतो. आता सुरुवातीपासून पाहू.

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात व्हॅलकूर नावाचे गाव आहे. तिथे १९०७ साली जोसेफ-आर्मां बाँबार्डिए जन्मला. पंधराव्या वर्षी त्याने जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन एका घसरगाडीवर बसवले, मागे विमानासारखा पंखा लावला आणि ते धूड गावातून पळवले. वडिलांनी ते ताबडतोब मोडायला लावले. यात आपल्याला नवल वाटायचे कारण नाही, आपल्याकडचे वडीलही तेच करते. पुढे तो गावात गॅरेज चालवू लागला. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ पोटाच्या विकाराने आजारी पडला. इस्पितळ शेरब्रूकला, रस्ते बर्फाने बंद आणि गॅरेजात चालेल अशी बर्फगाडी तयार नाही. मुलगा गेला.

ही हकिकत बाँबार्डिएच्या प्रत्येक चरित्रात येते आणि त्या एका मृत्यूतून सगळा शोध लागला अशा थाटात सांगितली जाते. तसे म्हणणे बरोबर नाही. तो या खटाटोपात आधीपासूनच होता. पण 'गाडी वेळेला सुरू झाली पाहिजे' हा प्रश्न त्या घरात काय वजनाचा होता, ते मात्र यातून कळते. १९३७ साली त्याने दातेरी चाक आणि पट्टा या रचनेचे पेटंट घेतले आणि सात माणसांची बंद बर्फगाडी विकायला काढली. पुढे बारा माणसांची आली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुले यांची ने-आण तीतून होई. या गाड्या म्हणजे पट्ट्यावरच्या मोटारीच होत्या. मोटारीचे इंजिन आणि मोटारीचीच वीजव्यवस्था, अर्थात बॅटरीसकट.

पण १९४८ साली क्यूबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचेही बर्फ हटवण्याचा कायदा केला आणि या मोठ्या गाड्यांचे गिऱ्हाईक आटले. बाँबार्डिए लहान, एक-दोन माणसांच्या गाडीकडे वळला. १९५९ साली जी गाडी आली ती 'स्की-डू'. मूळ नाव 'स्की-डॉग' ठरले होते, पण छपाईत चूक झाली आणि तेच टिकले, असे सांगतात. खरे-खोटे काही असो, कुत्र्यांच्या गाडीची जागा घ्यायची होती हे त्या नावात उघड आहे. हिच्यात बॅटरी नव्हती. दोरी ओढायची आणि इंजिन सुरू करायचे.

आता बॅटरी नसताना ठिणगी कुठून येते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

तारेच्या वेटोळ्याजवळून लोहचुंबक फिरला की तारेत वीज निर्माण होते, हे आपण शाळेत शिकलो. मॅग्नेटो म्हणजे तेच. इंजिनाच्या टोकाला जड चाक असते, फ्लायव्हील. त्यात चुंबक बसवलेले. आत, न फिरणाऱ्या तबकडीवर, तारेच्या कॉइल. चाक फिरले की वीज तयार. १९०२ साली जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने प्लगमध्ये थेट ठिणगी पाडणारा उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला आणि काही वर्षे मोटारींतही त्याचेच राज्य होते. मग १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर आला. हँडल मारण्याचा जाच गेला, पण स्टार्टर फिरवायचा तर बॅटरी हवी, आणि बॅटरी आलीच आहे तर ठिणगीही तिच्यावरच घेऊ, असे होत मोटारी बॅटरीकडे गेल्या. होड्यांची इंजिने, गवत कापायची यंत्रे, करवती मात्र मॅग्नेटोवरच राहिली. बर्फगाडीचे रक्ताचे नाते या दुसऱ्या कुळाशी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये कार्ल एलिअसन याने १९२४ साली जी मोटर-टोबोगन बनवली तिला होडीचेच इंजिन होते. मिनेसोटातल्या रोझो गावी १९५६ साली पोलॅरिसवाल्यांनी पहिली गाडी जुळवली तिला शेतीकामाच्या यंत्रांवर असते तसले ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे इंजिन होते.

आपल्या ओळखीचे उदाहरण द्यायचे तर जुनी, बॅटरीशिवायची स्कूटर आठवा. सिग्नलला उभी असली की हेडलाइट पिवळा, मलूल. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की लख्ख. तो दिवा थेट मॅग्नेटोच्या विजेवर लागायचा. पहिल्या पिढीच्या बर्फगाडीचा दिवा अगदी तसाच.

ही रचना थंडीला का मानवते? चुंबकाला थंडी बाधत नाही. तांब्याच्या तारेला बाधत नाही. बॅटरीला बाधते, आणि दुहेरी बाधते. शिसे आणि आम्लाची बॅटरी, जी १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते याने शोधली आणि मूळ तत्त्वात आजही तीच आहे, ती रासायनिक क्रियेवर चालते, आणि थंडीत ती क्रिया मंदावते. उणे अठरा अंशाला तिची ताकद साधारण निम्म्याच्या आसपास येते, आणि नेमके तेव्हाच इंजिनातले तेल घट्ट होऊन स्टार्टरला जास्त जोर लागतो. दुसरी गोष्ट, पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतले आम्ल उणे पन्नास अंशाच्याही खाली गोठते. पण बॅटरी उतरली की आम्लातला अंश शिशाच्या पाट्यांवर जातो, मागे जवळजवळ पाणीच उरते आणि ते उणे सात-दहाला गोठू शकते. गोठले की फुगते, पाट्या वाकतात, खोके तडकते. म्हणजे उतरलेली बॅटरी थंडीत टाकून ठेवली तर ती सकाळी नुसती अशक्त नव्हे, कायमची निकामी झालेली मिळते.

दोरी आणि मॅग्नेटोची ही साधी गाडी काय करू शकते, हे लवकरच दिसले. १९६०च्या मार्चमध्ये पोलॅरिसचे एडगर हेटीन आणि साथीदार अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत सुमारे १,९०० किलोमीटर गेले. १९६८च्या एप्रिलमध्ये मिनेसोटाचा राल्फ प्लेस्टेड, जो व्यवसायाने विमाविक्रेता होता, गोठलेल्या समुद्रावरून स्की-डूवर उत्तर ध्रुवाला पोहोचला. अमेरिकन हवाई दलाच्या हवामान-विमानाने त्याची जागा ध्रुवावरच असल्याची खात्री दिली. चौघांच्या त्या तुकडीत वॉल्ट पेडरसन हा मेकॅनिक होता, ही गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवू. आदल्या वर्षीच्या प्रयत्नात हवामानाने त्यांना परत फिरवले होते.

धाडसी सहलींपेक्षा आम्हाला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. फिनलंडच्या उत्तरेला सेवेत्तीयार्वी हा स्कोल्ट सामी लोकांचा भाग. रेनडिअर पाळणारे हे लोक. १९६२च्या सुमारास तिथे पहिली स्की-डू आली आणि दहा वर्षांच्या आत रेनडिअरने ओढायची घसरगाडी जवळपास अडगळीत गेली. मानववंशशास्त्रज्ञ पेर्टी पेल्टो यांनी हा बदल जवळून पाहिला आणि १९७३ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचा हिशेब मोठा बोलका आहे. अंतरे लहान झाली, दुकान-दवाखाना जवळ आला, हे खरेच. पण गाडी घ्यायला, पेट्रोलला, सुट्या भागांना रोख पैसा लागतो, आणि तो ज्या घरांत नव्हता ती घरे कळपाच्या धंद्यातून बाहेर पडू लागली. आवाजाने बुजलेली जनावरे माणसापासून दुरावली. आणि ओढणारा रेनडिअर बर्फाखालचे शैवाक उकरून आपले पोट भरतो. गाडी भरत नाही. रेनडिअर दमला तर थांबवून पुन्हा हाकता येतो, गाडी बंद पडली की ती नुसता लोखंडाचा ढीग. म्हणून प्लग, पट्टा आणि हत्यारे जवळ बाळगणे आणि ती वापरता येणे हे कळप राखण्याइतकेच आवश्यक कसब होऊन बसले. मेंढपाळाला मेकॅनिक व्हावे लागले म्हणा ना.

आता बॅटरी आत कशी शिरली ते पाहू. १९७०च्या आसपास उत्तर अमेरिकेत ही गाडी म्हणजे लाट झाली होती. शंभराहून अधिक कारखाने आणि वर्षाला जवळपास पाच लाख गाड्यांची विक्री. इतकी विक्री धनगर-शिकाऱ्यांच्या जिवावर होत नसते. शहरातले, शनिवार-रविवार फिरणारे गिऱ्हाईक आले, आणि त्याला दोरी ओढायची नव्हती. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून काही मॉडेलांवर विजेचा स्टार्टर मिळू लागला. पण दोरीही ठेवलेली असे. बॅटरी इथे पाहुणी होती; ती गेली तरी घर चालत होते.

मॅग्नेटोची वीज प्रत्यावर्ती, म्हणजे उलटसुलट वाहणारी. बॅटरीला हवी दिष्ट, एकाच दिशेची. म्हणून मध्ये रेक्टिफायर आला. इंजिन पळाले की दाब वाढतो, तो आवरायला रेग्युलेटर आला. दोन्ही एकाच पत्र्याच्या डबीत बसू लागले. मग गरम होणाऱ्या मुठी, इलेक्ट्रॉनिक मीटर. १९९०च्या दशकाच्या अखेरीस बाँबार्डिएने इलेक्ट्रॉनिक रिव्हर्स आणला. हा प्रकार गमतीचा आहे. दोन-धावेचे इंजिन उलटेही फिरू शकते. तेव्हा बटण दाबले की गती जवळपास थांबेपर्यंत खाली आणायची आणि नेमक्या क्षणी आगाऊ ठिणगी देऊन ते मागे लोटायचे. वेगळा गिअर नको. त्याच सुमारास कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा येऊ लागली, तिला पंप आणि संगणक लागतो. काही कारखान्यांनी तीही बॅटरीशिवाय चालेल अशी केली, हे त्यांच्या शहाणपणाला धरूनच होते. पण एकविसाव्या शतकात मोठी चार-धावेची इंजिने आली, ती हाताने ओढून फिरण्यातली नव्हती. दोरी गेली. पाहुणी घरमालकीण झाली.

आता जुनी गाडी विकत घेणाऱ्याकडे येऊ. समजा क्यूबेकमध्ये किंवा फिनलंडमध्ये कोणी ऑक्टोबरात वापरलेली गाडी घेतली. बटण दाबले, 'टक्' असा आवाज आला आणि संपले. तो काय करतो? नवी बॅटरी आणतो. दोन आठवडे झकास. मग पुन्हा 'टक्'. आता तो नव्या बॅटरीला आणि दुकानदाराला शिव्या देतो. हे चित्र आपल्याकडच्या मोटरसायकलवाल्यांनाही परके नाही.

इथे आमचे म्हणणे असे, की तपासणी इतिहासाच्या उलट्या क्रमाने करावी. जे शेवटी आले ते आधी पाहावे.

सर्वांत शेवटी आली बॅटरी. गाडी रात्रभर उभी असेल तर मल्टिमीटर लावून १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे. १२.२ म्हणजे अर्धीमुर्धी. १२ म्हणजे उतरलीच. पण नुसत्या उभ्या बॅटरीचा आकडा फसवा असतो. स्टार्टर फिरताना पाहावे. तेव्हा साडेनऊच्या खाली कोसळली तर ती आतून गेली. अशा गाडीची बॅटरी बहुतेक वेळा हिवाळ्यात मरतच नाही, ती उन्हाळ्यात मरते. हिवाळ्यात फक्त कळते. वर्षातले सात-आठ महिने गाडी पडून. बॅटरी स्वतःहून हळूहळू उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की पाट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात. मग कितीही चार्ज करा, पुरती भरत नाही. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न 'बॅटरी केव्हा बदलली?' हा नव्हे, 'उन्हाळ्यात ती कुठे होती?' हा विचारावा.

त्यानंतर जोड. गाडीखाली सतत बर्फ, पाणी, कधी रस्त्यावरचे मीठ. टर्मिनलवर पांढरा-हिरवा गंज, चासीला जोडलेली अर्थिंगची वायर सैल, फ्यूजच्या घरात ओल. हे घासून, आवळून फुकटात सुटते आणि म्हणूनच कोणी आधी करत नाही.

मग रेग्युलेटर. इंजिन चालू करून जरा गती दिली की बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा बारावरच बसून राहिला तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळणार, दिवे उडणार. जुन्या बॅटरीविना गाडीत बल्ब वारंवार जळत असतील तर तिथेही संशय याच डबीवर. चालू गाडीची बॅटरी काढून 'बघू चालते का' हा प्रयोग मात्र आधुनिक गाडीवर करू नये. दाब आवरायला बॅटरी नसली की तो फटका संगणकाला बसू शकतो.

सर्वांत शेवटी स्टेटर, म्हणजे त्या फ्लायव्हीलच्या पोटातल्या कॉइल. जोड सोडून, इंजिन चालू ठेवून, प्रत्येक दोन तारांमध्ये प्रत्यावर्ती दाब मोजायचा. तीन तारा असतील तर तिन्ही जोड्यांत तो सारखा यायला हवा. इंजिन बंद करून प्रत्येक तार आणि चासी यांत रोध पाहायचा. तिथे विजेला वाट सापडली तर कॉइल जळून चासीला लागली. इथवर आपण १९२४ सालच्या होडीच्या इंजिनापाशी पोहोचलो.

एक गोष्ट मुद्दाम थांबून सांगायची, कारण इथे जाणते लोकही चकतात. मोटारीची किल्ली काय करते? बंद केली की वीज तोडते. तार तुटली, तर गाडी सुरू होत नाही. जुन्या मॅग्नेटोच्या गाडीत नेमके उलट आहे. तिथे इंजिन बंद करणारे बटण वीज तोडत नाही, ते मॅग्नेटोची वीज चासीला जोडून ठिणगी मारते. म्हणजे बटणाची तार तुटली तर इंजिन बंदच होणार नाही; आणि बटणात ओल शिरून ते आतल्या आत चिकटले, तर सगळे सुटे भाग ठीक असूनही ठिणगी पडणार नाही. मोटारीच्या सवयीचा माणूस अशा गाडीत 'वीज येत नाही' म्हणून तुटलेली तार शोधत बसतो, आणि दोष असतो नको तिथे जुळलेल्या तारेचा. बटणाचा जोड सोडून दोरी ओढली की क्षणात उलगडा होतो. इंजिन सुरू झालेच, तर ते थांबवायचे कसे हे मात्र आधी ठरवून ठेवावे. कोणत्या गाडीत कोणती रचना, हे तिच्या सालावर अवलंबून. म्हणून प्रथम पाटीवरचे साल पाहायचे, मग मीटर हातात घ्यायचा.

बॅटरीवरची ही नाराजी कारखान्यांतही आहे, हे गेल्या दशकात दिसले. २०१८च्या मॉडेलांपासून स्की-डूच्या काही गाड्यांत बटणस्टार्ट आहे, पण त्यासाठी बॅटरी नाही. एक अल्ट्राकपॅसिटर आहे, जो गाडी चालताना भरतो, आणि मॅग्नेटोलाच उलट वीज देऊन स्टार्टरसारखा फिरवतो. पहिल्यांदा दोरी ओढायची. नंतर गाडी थांबवली तर साधारण अर्ध्या तासापर्यंत बटणावर सुरू होते. त्याहून जास्त थांबलात तर पुन्हा दोरी. दुसऱ्या टोकाला माँट्रियालच्या कारखान्यात तयार झालेल्या, संपूर्ण बॅटरीवर धावणाऱ्या विजेच्या बर्फगाड्याही आता आहेत. लिथियमची बॅटरी शिशाहून कितीतरी हलकी, पण गोठणबिंदूखाली तिला चार्ज करायचे तर आधी ऊब द्यावी लागते, आणि थंडीत तिचाही पल्ला घटतो. स्की-मैदानावर, जिथे संध्याकाळी खोलीत आणून प्लग लावता येतो, तिथे त्या छान चालतात. कळपामागे चार दिवस जाणाऱ्याला प्लग कुठे लावायचा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो आपला दोरीची गाडीच शोधतो, जुनी असली तरी. आणि बटणाची घ्यावी लागलीच, तर रात्री बॅटरी सोडवून तंबूत, उबेला आणून ठेवतो.